कृपेनंतरची चाळीस वर्षे

'अमेझिंग ग्रेस' हे इंग्रजी भक्तिगीत कानावरून गेले नाही असा इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी विरळाच. ते लिहिणाऱ्या जॉन न्यूटनची गोष्टही त्या गीताबरोबर फिरत असते. गुलामांच्या जहाजाचा एक दुराचारी कप्तान वादळात सापडतो, देवाचा धावा करतो, वाचतो. त्याच क्षणी त्याचे हृदयपरिवर्तन होते, तो गुलामांचा व्यापार सोडून देतो आणि हे गीत लिहितो. गोष्ट सुबक आहे, प्रवचनात सांगायला सोयीचीही आहे. मात्र कालक्रमाच्या कसोटीला ती उतरत नाही. वादळ १७४८ च्या मार्चमधले. तेव्हा न्यूटन कप्तान नव्हता आणि ते जहाजही गुलामांचे नव्हते. कप्तान तो त्यानंतर, १७५० साली झाला. गुलाम वाहून नेण्याच्या ज्या तीन सफरी त्याने कप्तान म्हणून केल्या त्या सगळ्या कृपेचा अनुभव आल्यानंतरच्या. समुद्र सुटला तो १७५४ मध्ये, तोही विवेकबुद्धीच्या टोचणीने नव्हे, प्रकृती बिघडली म्हणून. गीत आले १७७३ च्या नववर्षदिनाच्या प्रवचनाबरोबर. आणि आपण ज्या धंद्यात होतो तो धंदाच पाप आहे, हे त्याने छापील शब्दांत सांगितले ते १७८८ मध्ये. वादळापासून मोजली तर मध्ये चाळीस वर्षे जातात.

या चाळीस वर्षांचे काय करायचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ख्रिस्ती धर्मविचारात कृपा ही कमावता येत नाही. ती पुण्याईचे फळ नव्हे. पापी असतानाच माणसाला ती मिळते. मग चांगले वागायचे कशासाठी? हा प्रश्न पहिल्या शतकातच उभा राहिला होता. कृपा अधिक व्हावी म्हणून आपण पाप करीत राहावे काय, असा पूर्वपक्ष पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच मांडला आहे आणि लगेच तो धुडकावलाही आहे. सदाचरण ही कृपेची किंमत नसून कृपेला दिलेला प्रतिसाद आहे, ही त्या परंपरेची भूमिका. सिद्धान्त म्हणून हे नीटस आहे. पण प्रतिसाद किती दिवसांत द्यायचा, आयुष्याचा कोणता भाग त्यात धरायचा, याचे उत्तर सिद्धान्तात सापडत नाही. ते चरित्रांतच शोधावे लागते, आणि न्यूटनचे चरित्र त्यासाठी फार उपयोगी आहे, कारण या माणसाने लिहून ठेवले भरपूर. जहाजावरची रोजकीर्द, पत्नीला लिहिलेली पत्रे, आत्मचरित्र, स्तोत्रे, दैनंदिनी आणि अखेर एक पुस्तिका. एकाच आयुष्याची ही निरनिराळी संहिता-रूपे शेजारी शेजारी ठेवून वाचली की जे दिसते ते साध्या दांभिकतेहून बरेच अस्वस्थ करणारे आहे.

न्यूटनचा जन्म १७२५ चा, लंडनचा. आई धर्मशील होती. तो सात वर्षांचा होण्याआधीच ती गेली. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान. १७४४ मध्ये नौदलाने त्याला सक्तीने भरती करून घेतले. तो पळाला, पकडला गेला, फटके खाल्ले आणि पुढे आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका जहाजावर त्याची बदली झाली. तिथून तो सिएरा लिओनच्या किनाऱ्यालगतच्या प्लँटेन बेटांवर एका गोऱ्या गुलामव्यापाऱ्याच्या नोकरीत शिरला. या व्यापाऱ्याच्या आफ्रिकन सोबतिणीने आणि नंतर खुद्द त्या व्यापाऱ्यानेही त्याचे हाल केले. तापाने फणफणलेला, उपाशी, अंगावर धड कपडा नाही, अशा अवस्थेत तो दिवस काढीत होता. (याच बेटावर तो वाळूत काठीने आकृत्या काढून युक्लिडची भूमिती शिकला. माणूस मुळात अभ्यासू होता, हे लक्षात ठेवायला हवे.) या दिवसांविषयी त्याने आत्मचरित्रात एक तपशील नोंदवला आहे. साखळदंडांत जखडलेले गुलाम आपल्या वाट्याच्या तुटपुंज्या अन्नातून थोडे काढून, कोणी पाहणार नाही अशा बेताने, त्याला आणून देत. पकडले गेले असते तर त्यांची गत काय झाली असती हे सांगायला नको.

या तपशिलाकडे आपण पुन्हा येऊ. आत्मचरित्रात तो येतो तो आपल्या हालांची परिसीमा दाखवण्यासाठी. गुलामांनीसुद्धा ज्याची कीव करावी इतका मी खाली गेलो होतो, असा त्याचा रोख आहे. ज्याला कसलाही हक्क नाही त्याला, देणाऱ्याने स्वतःला धोक्यात घालून, न मागता दिलेले दान: कृपेची व्याख्या करायची तर याहून वेगळी काय करणार? पण न्यूटनच्या कृपेच्या हिशेबात हे दान कधी जमेला धरले गेलेले दिसत नाही.

वडिलांच्या ओळखीच्या जहाजमालकाच्या कप्तानाने १७४७ मध्ये त्याला तिथून सोडवले. 'ग्रेहाउंड' हे त्याचे जहाज सोने, हस्तिदंत, मेण आणि रंगाचे लाकूड घेऊन परतत होते. उत्तर अटलांटिकमध्ये १० मार्च १७४८ च्या रात्री ते फुटू लागले. मेण आणि लाकूड पाण्याहून हलके, म्हणून ते तरले, एरवी बुडालेच असते. न्यूटन वर येत असताना कप्तानाने त्याला सुरी आणायला परत पाठवले. त्याच्या जागी जो वर गेला त्याला लाटेने तत्काळ ओढून नेले. पंप मारता मारता न्यूटनच्या तोंडून दयेची याचना निघाली आणि आपण हे काय बोललो याने तोच दचकला, कारण जहाजावर देवाची सर्वांत निर्लज्ज टवाळी करणारा तोच होता. चार आठवड्यांनी जहाज कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. पुढे आयुष्यभर त्याने हा दिवस (पंचांग बदलल्यावर २१ मार्च) उपास आणि प्रार्थना करून पाळला. आपण त्या दिवशी पूर्णार्थाने श्रद्धावंत झालो असे मात्र तो स्वतः म्हणत नाही. देवाकडे परतण्याची ती सुरुवात होती, एवढेच तो म्हणतो. गोष्ट सुबक करणारे त्याच्याहून अधिक धीट निघाले.

त्याच वर्षी तो गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून गेला. १७५० मध्ये मेरी कॅटलेटशी लग्न झाले आणि त्याच वर्षी लिव्हरपूलच्या एका मालकाने त्याला 'ड्यूक ऑफ अर्गाइल' या जहाजाचे कप्तानपद दिले. त्यानंतर 'आफ्रिकन' या जहाजावर आणखी दोन सफरी. त्या जहाजांवरची त्याची रोजकीर्द १९६२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ती वाचणे हा विलक्षण अनुभव आहे. तिच्यात क्रौर्याचा आनंद कुठेही नाही. आहे ती टापटीप. वारा कोणत्या दिशेचा, किती माणसे विकत घेतली, किती पुरुष, किती स्त्रिया, किती मुले, किंमत काय पडली. मेलेल्यांना समुद्रात टाकल्याची नोंद आहे. तिथे नाव नसते, क्रमांक असतो. ४७ क्रमांकाची स्त्री कशाने मेली हे सांगता येत नाही, कारण जहाजावर आल्यापासून ती धड जिवंत अशी नव्हतीच, अशा अर्थाची एक नोंद १७५१ मधली आहे. बंडाचा कट केल्याच्या संशयावरून मुलांना बेड्या घातल्या, अंगठे पिळायच्या यंत्रात त्यांचे अंगठे थोडे आवळले आणि पूर्ण कबुली घेतली, अशी दुसरी नोंद आहे. 'थोडे' हे क्रियाविशेषण त्याचेच.

आणि १७५३ च्या जानेवारीतली ती नोंद. एका खलाशाने एका गुलाम स्त्रीवर, इतरांच्या देखत, बलात्कार केला. न्यूटनने त्याला बेड्या ठोकल्या. ती गरोदर होती. तिला काही झाले तर मी यालाच जबाबदार धरीन, असे त्याने लिहिले. आणि तिचा क्रमांक ८३, असेही. आमच्या मते न्यूटनच्या या काळातल्या नैतिकतेचे संपूर्ण चित्र या एका नोंदीत आहे. त्याचा संताप खोटा नाही. इतर कित्येक जहाजांवर असे कृत्य हा खलाशांचा हक्कच समजला जाई. न्यूटनच्या जहाजावर ते शिक्षेला पात्र होते. पण जिच्यासाठी तो संतापला तिला नाव नाही, आणि ते नसण्यात काही चूक आहे अशी शंकाही त्याला शिवत नाही. मराठीत 'सचोटी' हा शब्द मुख्यतः पेढीवरचा आहे: वजन-माप चोख, वही स्वच्छ, दिलेला शब्द पाळलेला. त्या अर्थाने न्यूटन पूर्ण सचोटीचा कप्तान होता. तो रविवारी खलाशांना घेऊन उपासना चालवी, शिव्याशाप बंद करवी, मोकळ्या वेळात लॅटिन शिके, पत्नीला कोवळ्या प्रेमाची पत्रे लिही. हे सगळे डेकवर. खाली तळात माणसे.

शेवटच्या सफरीत, १७५४ मध्ये, सेंट किट्स बेटावर त्याला अलेक्झांडर क्लूनी नावाचा दुसऱ्या जहाजाचा कप्तान भेटला. जवळजवळ महिनाभर दोघे रोज संध्याकाळी आळीपाळीने एकमेकांच्या जहाजावर बसत आणि रात्र सरत आली तरी बोलत. विषय एकच: देवाची कृपा, तिची हमी, ती एकदा मिळाल्यावर सुटत नाही हा भरवसा. न्यूटनच्या आध्यात्मिक आयुष्यात हा महिना फार मोलाचा ठरला, असे तो सांगतो आणि त्यावर अविश्वास ठेवायचे कारण नाही. त्या बंदरात न्यूटनचे जहाज आले होते ते माणसे विकायला. परत आल्यावर या सफरीत एकही माणूस दगावला नाही याबद्दल त्याने चर्चमध्ये जाहीरपणे आभारही मानले.

त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, नव्या सफरीला दोनच दिवस उरले असता, त्याला एकाएकी झटका आला आणि वैद्यांच्या सल्ल्याने त्याने कप्तानपद सोडले. पुढची काही वर्षे त्याने लिव्हरपूलच्या बंदरात जकात खात्यात नोकरी केली.

आत्मचरित्र आले १७६४ मध्ये, चौदा पत्रांच्या रूपात आणि लेखकाचे नाव न देता. त्याच वर्षी तो धर्मगुरू झाला आणि ओल्नी या गावी गेला. आत्मचरित्र हा साहित्यप्रकार वर्गात शिकवताना आम्ही नेहमी एक मुद्दा सांगतो: आयुष्य आधी आणि आत्मचरित्र नंतर, हे पूर्णतः खरे नसते. प्रकाराचा साचा आधीच तयार असतो आणि लेखकाला आयुष्यातले काय दिसेल हे पुष्कळ अंशी तो साचा ठरवतो. न्यूटनपुढे साचा होता तो संत ऑगस्टीनपासून चालत आलेल्या आणि इंग्लंडमध्ये बनयनने लोकप्रिय केलेल्या पापी माणसाच्या उद्धारकथेचा. या साच्यात पापांची जागा ठरलेली आहे: ईश्वरनिंदा, वासना, आईच्या शिकवणुकीचा विसर, गर्व. न्यूटन ही सगळी पापे तपशिलाने आणि निर्दयपणे सांगतो. गुलामांच्या व्यापाराविषयी मात्र तो म्हणतो ते वेगळ्या सुरात. त्या काळी हा धंदा गैर आहे अशी शंका मला कधी आली नाही. तो प्रतिष्ठित समजला जाई. साखळ्या, कड्या, बेड्या यांच्याशी सतत संबंध येत असल्याने आपण तुरुंगाधिकारीच आहोत असे वाटून कधी कधी मन विटे, आणि अधिक माणुसकीचा व्यवसाय मिळावा म्हणून मी प्रार्थना करी. बस, इतकेच. म्हणजे अस्वस्थता होती, पण तिला पाप हे नाव नव्हते. ती नावडीच्या खात्यात होती. कृपेची भाषा ज्याला येत होती त्याला त्या भाषेत या धंद्यासाठी शब्द सापडत नव्हता.

'काळच तसा होता' हा बचाव इथे लगेच पुढे येतो. तो तपासून पाहिला पाहिजे. न्यूटनहून पाच वर्षांनी मोठा असलेला जॉन वूलमन हा न्यू जर्सीतला क्वेकर शिंपी घ्या. ऐन विशीत, एका दुकानात नोकरी करताना, मालकाने त्याला एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या विक्रीचे खत लिहायला सांगितले. मालकाचा शब्द आणि घेणारा आपल्याच पंथातला वडीलधारा म्हणून वूलमनने ते लिहिले. पण गुलाम बाळगणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे त्याच बैठकीत सांगितले आणि पुढे अशी खते लिहायला नकार दिला. त्याचा गुलामगिरीविरोधी निबंध १७५४ मध्ये छापला गेला, म्हणजे न्यूटन आणि क्लूनी सेंट किट्सला रात्री जागवत होते त्याच वर्षी. प्रवासात गुलाम बाळगणाऱ्या घरी उतरावे लागले तर वूलमन त्या गुलामांच्या हाती त्यांच्या सेवेचे पैसे ठेवून निघे. दुकान फार चालू लागले तेव्हा त्याने ते आवरते घेतले. साखर सोडली, रंगवलेले कपडे सोडले. १७७२ मध्ये तो इंग्लंडला गेला तर घोडागाड्यांत घोड्यांचे आणि पोऱ्यांचे हाल होतात म्हणून पायी हिंडला आणि यॉर्कला देवीच्या रोगाने वारला. माणूस थोडा विक्षिप्त वाटतो खरा. पण त्याची दैनंदिनी वाचावी. चार्ल्स लँबसारख्या चोखंदळ निबंधकाराने तरुणांना ती तोंडपाठ करायला सांगितली आहे ती उगाच नव्हे. मृत्यूनंतर चार वर्षांनी, १७७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या क्वेकर सभेने आपल्या सभासदांना गुलाम बाळगण्याची मनाई केली.

तेव्हा काळ सर्वांसाठी एकसारखा नव्हता. दुसरीकडे जॉर्ज व्हाइटफील्ड पाहा. कृपेवर त्याच्याइतके प्रभावी प्रवचन त्या शतकात क्वचितच कोणी केले असेल. लिव्हरपूलमध्ये न्यूटन त्याच्या भजनी लागला होता. या व्हाइटफील्डने जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरीला परवानगी मिळावी म्हणून खटपट केली आणि अनाथाश्रमाच्या जमिनीवर गुलाम राबवले. त्याच पुनरुज्जीवन चळवळीतल्या जॉन वेस्लीने १७७४ मध्ये गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. एकाच कृपेचे हे तीन-चार प्रतिसाद.

इथे मराठी वाचकाला तुकोबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. सावकारीच्या खतपत्रांतला धाकट्या भावाचा अर्धा वाटा त्याच्या हवाली करून उरलेली आपली खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली, असे त्यांची चरित्रपरंपरा सांगते. दोन परंपरांची तुलना करून एकीला उजवी ठरवण्यात आम्हाला रस नाही. परंपरेने सांगितलेली संतकथा आणि स्वहस्ते लिहिलेली रोजकीर्द यांना एका तराजूत घालणेही शास्त्रशुद्ध नव्हे. लक्षात घ्यायचे ते एवढेच की त्या कथेला अनुग्रह पहिल्यांदा हिशेबाच्या कागदांवर उतरलेला दाखवावासा वाटला. न्यूटनच्या बाबतीत तो कागदांपर्यंत पोचायला सर्वांत जास्त वेळ लागला.

ओल्नीची सोळा वर्षे न्यूटन उत्तम धर्मगुरू होता. लेस विणणाऱ्या गरीब स्त्रीपुरुषांचे ते गाव. १७६७ मध्ये कवी विल्यम कूपर तिथे राहायला आला आणि दोघांच्या सहवासातून १७७९ चा 'ओल्नी हिम्स' हा संग्रह तयार झाला. ज्याला आज आपण 'अमेझिंग ग्रेस' म्हणतो ते गीत या संग्रहात वेगळ्याच शीर्षकाखाली आहे आणि राजा दावीदाच्या एका प्रार्थनेवर बेतलेले आहे: मी कोण म्हणून तू मला इथवर आणलेस? मागे वळून पाहणे हाच त्या गीताचा विषय. हे मागे वळून पाहणे १७७३ च्या पहिल्या दिवसाचे. त्याआधी सहाच महिने, जून १७७२ मध्ये, लॉर्ड मॅन्सफील्डने सॉमरसेट खटल्याचा निकाल दिला होता. इंग्लंडच्या भूमीवरून गुलामाला जबरदस्तीने परत नेता येणार नाही, असा. वर्तमानपत्रांत त्याची चर्चा झाली होती. गीतात धोके आहेत, फासे आहेत, हरवणे-सापडणे आहे. जहाज नाही आणि तळातली माणसेही नाहीत. आज सर्वत्र गायले जाणारे त्याचे शेवटचे कडवे न्यूटनचे नाही. हॅरिएट बीचर स्टोच्या 'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) या कादंबरीत ते टॉम या गुलामाच्या तोंडी येते आणि तिथून ते गीताला कायमचे चिकटले. ज्यांना मूळ गीतात जागा नव्हती त्यांच्यातल्याच एकाने, कादंबरीपुरते का होईना, ते पुरे केले, असे म्हणावेसे वाटते.

न्यूटनच्या आधी त्याचा कवी-मित्र बोलला. कूपरच्या 'द टास्क' या १७८५ च्या दीर्घकाव्यात गुलामगिरीचा निःसंदिग्ध धिक्कार आहे. कूपर मनोरुग्ण होता. आपण कृपेला कायमचे मुकलो आहोत, देवाने आपल्याला टाकले आहे, अशी त्याची अखेरपर्यंत समजूत होती. ज्याला कृपेची खात्री होती तो गप्प होता आणि ज्याला ती मुळीच नव्हती त्याने आधी तोंड उघडले. यातून काही सिद्धान्त काढण्याचा मोह आम्ही आवरतो.

१७८५ च्या डिसेंबरात विल्यम विल्बरफोर्स हा तरुण खासदार न्यूटनला गुपचूप भेटायला आला. न्यूटन तेव्हा लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ चर्चमध्ये होता. राजकारण सोडून धर्मकार्य करावे का, या पेचात विल्बरफोर्स होता. आहेस तिथेच राहा, असे न्यूटनने त्याला सांगितले. १७८७ मध्ये गुलामव्यापार बंद करण्यासाठी लंडनमध्ये मंडळ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी न्यूटनची आफ्रिकी गुलामव्यापाराविषयीची पुस्तिका बाहेर पडली. मंडळाने तिच्या प्रती खासदारांना पाठवल्या.

पुस्तिका लहान आहे. तिचा गद्यबंध आत्मचरित्राहून इतका निराळा आहे की लेखक एकच आहे यावर विश्वास बसू नये. आरंभी तो सांगतो की जाहीर कबुली देऊन लाज पदरात घेणे हे आपले कर्तव्य आहे. ही कबुली कितीही मनापासूनची असली तरी ज्या दुःखाला आपला हात लागला ते टाळायला किंवा भरून काढायला ती फार उशिरा येत आहे. त्यानंतर भावना बाजूला. प्रथम इंग्रज खलाशांची हानी: या धंद्यात गेलेल्यांपैकी पाचवा हिस्सा परत येत नाही असा त्याचा अंदाज. (वाचक खासदार आहेत याचे त्याला भान होते.) मग खलाशांची मने कशी निबर होतात ते. मग तळातली जागा: उंची पाच फूट, कधी त्याहूनही कमी, मध्ये फळ्यांचा माळा, आणि दोन्हींवर माणसे अशी दाटीने निजवलेली की जणू फळीवर रचलेली पुस्तके. ग्रंथप्रेमी माणसाची ही उपमा वाचताना अंगावर काटा येतो. इंग्रज जहाजे वर्षाला साठ हजार माणसे विकत घेत असतील तर त्यांतली पंधरा हजार मरत असावीत, असा हिशेब तो मांडतो. एका जहाजाच्या अधिकाऱ्याची हकिगतही तो सांगतो. होडीत रात्री एक वर्षाचे मूल रडत होते, झोपमोड होत होती, म्हणून त्याने ते आईच्या हातून हिसकावले आणि समुद्रात फेकले. आईलाही फेकणे परवडणारे नव्हते. तिची किंमत जास्त होती.

मराठी ख्रिस्ती समाजात 'साक्ष देणे' असा शब्दप्रयोग आहे. देवाने आपल्या आयुष्यात काय केले ते मंडळीपुढे उभे राहून सांगणे, हा त्याचा अर्थ. कोर्टातही आपण साक्षच देतो. न्यूटनने पहिली साक्ष १७६४ मध्ये दिली आणि ती प्रामाणिक होती. दुसरी त्याने १७८८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या समितीपुढे आणि १७९० मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीपुढे दिली. पहिल्या साक्षीत केंद्रस्थानी तो आणि देव होते. दुसरीत पहिल्यांदाच तिसरा पक्ष आला. जे तपशील पूर्वी वहीत होते, बहुतेक तेच आता साक्षीत आले. अंगठे पिळण्याची यंत्रेसुद्धा. मुलांकडून ज्या साधनाने त्याने कबुली घेतली होती ते साधन आता त्याच्या स्वतःच्या कबुलीत होते.

डीट्रिश बॉनहॉफर या जर्मन धर्मचिंतकाने १९३७ मध्ये 'स्वस्त कृपा' आणि 'महाग कृपा' असा भेद केला. क्षमा पदरात घ्यायची आणि आयुष्य जसेच्या तसे ठेवायचे, ती स्वस्त कृपा. हिटलरच्या राजवटीत मान डोलावणाऱ्या चर्चला उद्देशून तो बोलत होता, आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी देण्यात आले. मग न्यूटनची कृपा स्वस्त म्हणायची का? १७५४ पर्यंतची, होय, असेच आम्हाला वाटते. त्याला ती स्वस्त वाटत नव्हती हा भाग निराळा. पुढच्या चौतीस वर्षांच्या मौनालाही सबब नाही. तो वाचणारा, पत्रव्यवहार करणारा, जाणत्या लोकांत वावरणारा माणूस होता. पण १७८८ ची पुस्तिका लिहायला जे बळ लागले तेही त्याच कृपेतून आले, हे नाकारता येत नाही. बासष्ट वर्षांचा, मान्यता पावलेला धर्मगुरू आपणहून म्हणतो की हे मी केले. सवय, इतरांचे उदाहरण आणि फायदा यांनी डोळे बांधले होते, असे तो सांगतो. पण ते कारण म्हणून, सुटका म्हणून नव्हे. आपला हिशेब आधीच माफ झाला आहे असे ज्याला खात्रीने वाटते तोच कदाचित वही अशी उघडी टाकू शकतो. ज्याला अजून निर्दोष ठरायचे आहे त्याला ते जमत नाही. कृपेच्या भरवशाने त्याला इतकी वर्षे झोपवले आणि त्याच भरवशाने अखेर उभेही केले. ही दोन विधाने एकमेकांना खोडत नाहीत, असे आम्हाला वाटते. एकमेकांना हलकी मात्र करू देता कामा नयेत.

जाता जाता एक नोंद. विल्बरफोर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनीच १८१३ च्या सनदेत कंपनी सरकारकडून मिशनऱ्यांना हिंदुस्थानात प्रवेश मिळवून दिला, आणि पुढे मराठीत आलेला ख्रिस्ती मजकूर बव्हंशी त्या उघडलेल्या दारातून आला. गुलामांच्या मुक्तीचा विषय मराठीत ठळकपणे आणला तो मात्र महात्मा फुल्यांनी. १८७३ चे 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले आहे. फुल्यांचे त्या लोकांकडे लक्ष गेले ते त्यांच्या कृतीमुळे. त्यांना कृपा लाभली होती की नव्हती, हा त्यांच्यापुढचा प्रश्नच नव्हता.

ब्रिटिश साम्राज्यातला गुलामव्यापार बंद करणारा कायदा २५ मार्च १८०७ रोजी झाला. न्यूटन तेव्हा जवळजवळ आंधळा झाला होता. दैनंदिनीतली त्याची शेवटची नोंद त्याआधीची, २१ मार्च १८०५ ची, म्हणजे वादळाच्या स्मरणदिनाची आहे. २१ डिसेंबर १८०७ रोजी तो वारला. आपल्या स्मृतिशिळेवर काय कोरायचे ते त्याने स्वतः लिहून ठेवले होते. एकेकाळचा नास्तिक आणि स्वैराचारी, आफ्रिकेत गुलामांचा नोकर, ख्रिस्ताच्या दयेने वाचवला गेला, क्षमा पावला आणि ज्या श्रद्धेचा नाश करू पाहत होता तिचाच उपदेश करण्यासाठी नेमला गेला, असा त्यातला आशय आहे. 'गुलामांचा नोकर' हे प्लँटेन बेटांवरचे दिवस, साखळदंडांतल्या माणसांनी त्याला आपल्यातले अन्न आणून दिले तेव्हाचे. तीन सफरींचे कप्तानपद त्या शिळेवर नाही. १८९३ मध्ये त्याचे अवशेष लंडनहून ओल्नीला नेऊन चर्चच्या आवारात पुन्हा पुरण्यात आले. तिथल्या थडग्यावरही हाच मजकूर आहे.